भुसावळची मोट

मी मोट बोलते आहे. विहिरीतून पाणी उपसणारी, बैलांनी ओढायची, जाड पत्र्याची मोट. या विहिरीवर माझ्यापूर्वी चामड्याच्या मोटा झाल्या. लोखंडाची मी पहिली. बार्शीटाकळीच्या अलीकडे असलेल्या या गावात आसपासच्या खेड्यांतून माणसे मला पाहावयास येतात, माझ्याभोवती एक फेरी मारतात आणि एकमेकांस सांगतात, "हेच ते. भुसावळची मोट."

भुसावळ मी पाहिलेले नाही. ते कोणत्या दिशेस आहे, हेही मला विहिरीच्या काठावरून सांगता येणार नाही. मी जन्माने अकोल्याची आहे. जे गाव मी पाहिले नाही त्याचे नाव मला कसे लागले, आणि त्या नावाने किती माणसांचे पाय हलले, याचा उलगडा मला स्वतःलाही पुरता झालेला नाही. तथापि जे घडले ते क्रमाने सांगितले, तर तुम्हां शहाण्या वाचकांस कदाचित त्याचा अर्थ लागेल, या आशेने मी आज तोंड उघडले आहे. तोंड माझे मुळातच मोठे आहे. आजवर त्याचा उपयोग पाण्यासाठीच झाला.

अकोल्यास स्टेशनाकडून बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका लोहाराची पडवी होती. महायुद्ध संपून चार-पाच वर्षे लोटली होती आणि जाड पत्रा पुन्हा बाजारात मिळू लागला होता. त्या लोहाराने मध्यप्रांत सरकारच्या कचेरीसाठी काही दारे केली होती, त्यातून उरलेल्या पत्र्याचे मोठे घमेले वाकवून मला घडविले. काठास कड्या बसविल्या. पाणी बाहेर सोडण्यासाठी तळाशी चामड्याची लांब सोंड लावली. या सर्व काळात त्याने एकदाही भुसावळचे नाव उच्चारले नाही, हे मी शपथेवर सांगते.

दिवाळी आटोपल्यानंतर एके सकाळी पार्बताबाई त्या पडवीसमोर येऊन उभी राहिली. ती नत्थुजी माळ्याची विधवा. नवऱ्यामागे एक विहीर, एक बैलजोडी आणि वांगी, मेथी व झेंडू पिकविणारा लहानसा मळा एवढे तिच्या वाट्यास आले होते. तिच्या गाडीत रिकाम्या टोपल्या होत्या आणि त्यांना झेंडूचा उग्र वास येत होता.

"लोखंडाची हाय म्हनता," माझ्या काठावरून बोट फिरवीत ती लोहारास म्हणाली, "पन गंजली मंग?"

"चामड्याची कुजत नाही का, बाई?"

"कुजते. पन ते शिवनारा गावातच हाय. तुमाले शोधत म्या अकोल्याले येवावं काय?"

"गंजली तर या. चहा पाजीन."

"चहानं छिद्र बुजते काय, बाप्पा?"

लोहार हसला आणि किंमत उतरली. पार्बताबाईने कनवटीची गाठ सोडली. त्या गाठीतून निघालेल्या रुपयांनाही झेंडूचाच वास होता. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे ती कोणीच ध्यानात घेतली नाही.

येथे एक रिवाज सांगणे प्राप्त आहे. अकोल्याच्या फुलबाजारात भाव मोठ्याने बोलण्याची पद्धत नाही. दलाल आपल्या हातावर रुमाल पसरतो, विकणारा त्या रुमालाखाली हात घालतो आणि बोटे दाबून भाव ठरतो. शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही व्यवहार कळत नाही. पार्बताबाई तर नवऱ्याच्या पश्चात एकटीच जाई, एकटीच हात घाली आणि गावात येऊन "बरे गेले" याहून अधिक बोलत नसे. मळा काय देतो, हे गावास ठाऊक नव्हते. मळ्यातील वांग्यांनाही ठाऊक नसावे.

मनीऑर्डरीचे तसे नव्हते. पार्बताबाईचा एकुलता मुलगा गोवर्धन दोन वर्षांपूर्वी भुसावळच्या रेल्वे कारखान्यात कामास लागला होता. पहिले वर्षभर त्याच्या मनीऑर्डरी आल्या. बार्शीटाकळीहून डाकवाला येई, गावच्या पारावर उभा राहून पार्बताबाईच्या नावाने हाक मारी, साक्षीदार बोलावी आणि रुपये एकेक करून, वाजवून, सर्वांदेखत तिच्या पदरात टाकी. त्या नाण्यांचा आवाज साऱ्या गावाने ऐकला होता. पुढे मनीऑर्डरी थांबल्या. तेही साऱ्या गावाने ऐकले.

"काहून वो पार्बता, पोराचा हात आखडला वाट्टे?" मागच्या गल्लीतील मनकर्णा तिला पाण्यावर विचारी. "का सून पायली त्यानं तिकडंच?"

पार्बताबाई घागर उचलून चालू लागे.

अशा दिवसांत माझी गाडी गावात शिरली. पारावर खुशालराव बसले होते. काळ्या जमिनीचे मोठे कास्तकार, अंगाने भरदार. गावातील कोणत्याही गोष्टीचा अर्थ आपणच प्रथम लावावा असा त्यांचा समज असे. त्यांनी मला पाहिले आणि ते उठूनच उभे राहिले.

"वा, पार्बताबाई! लोखंडाची? गोवर्धनानं धाडली काय वो?"

पार्बताबाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि ती हसली. होय म्हणाली नाही. नाही असेही म्हणाली नाही. मी गाडीत उताणी पडून आकाश पाहत होते आणि मला वाटले, आता ती सांगेल, झेंडूच्या पैशाची. तिने बैलांस आवाज दिला आणि गाडी पुढे गेली. दिवस मावळेपर्यंत मी भुसावळची झाले होते.

दुसऱ्या दिवशी पार्बताबाईने माझ्या कडीला काळा दोरा आणि बिबा बांधला. नव्या वस्तूस दृष्ट लागू नये म्हणून आमच्याकडे हे करतातच. पण त्या बिब्याने गावाची खात्रीच पटविली. ज्या वस्तूस एवढे जपावे लागते, तिच्यामागे मोठी कमाई असलीच पाहिजे.

मला विहिरीवर चढविणारा देवीदास होता. तो पार्बताबाईच्या नात्यातला नव्हता, पण तिला काकू म्हणे. त्याला स्वतःची जमीन नव्हती. गोवर्धन गेल्यापासून मळ्याचे बैल तोच हाकी आणि त्याबद्दल त्याला वर्षाचे दाणे व रोजची भाजी मिळे. त्याची बायको शकुन निंदण करी, फुले तोडी, माळा ओवी.

मोटेचे काम दिसते सोपे. बैल उतारावरून पुढे गेले की मी भरून वर येते, आणि ते पाठमोरे चालत मागे सरले की मी रिकामी खाली जाते. परंतु बैलास मागे चालविणे हे कोणासही साधत नाही. बैल ज्याच्यावर विश्वास टाकतो त्याच्याच शब्दावर न पाहता मागे पाय टाकतो. देवीदासाच्या शब्दावर ते डोळे मिटून येत. तो आसूड वापरीत नसे. नुसता दोराच्या टोकावर बसे आणि काहीतरी गुणगुणे. मी वर येऊन पाणी ओतले की ते पाटाने झेंडूच्या वाफ्यांत धावे. असे हजारदा झाले असेल आणि प्रत्येक वेळी मला वाटे, माझ्या जन्माचा हेतू एवढाच आणि तो चांगला आहे.

पण उन्हाळा लागला तसे माझे दुसरेच काम सुरू झाले. माणसे संध्याकाळी विहिरीच्या उतारावर येऊन बसू लागली.

"एक पोट्टा गेला भुसावळले, त लोखंडाची मोट आली," एकाने हिशेब मांडला. "दोन गेले असते त?"

"त इंजनच आलं असतं," दुसरा म्हणाला.

"अन तीन?"

"तीन गेले त पानी कोनासाठी काढाचं, सांग."

सारे हसले. हसणाऱ्यांपैकी दोघे आठ-पंधरा दिवसांत गेले. जाताना ते माझ्यापाशी थांबले आणि त्यांनी माझ्या काठाला हात लावून तो कपाळाला लावला. मला काही कळेना. मी पाणी काढण्यासाठी आले होते. माझ्यातून अद्याप कोणास एक पैसाही मिळालेला नव्हता, आणि गोवर्धनाच्या हातून मला तर एक खिळाही लागलेला नव्हता.

आखजीच्या सणाला गोवर्धन स्वतःच आला. वैशाखाच्या उन्हात त्याने गळ्यापर्यंत बटणे लावलेला काळा कोट घातला होता. घाम कानामागून ओघळत होता, पण त्याने एक बटण सोडले नाही. गावातील दहा-बारा माणसे त्याला घेऊन विहिरीवर आली. सर्वांच्या पुढे अर्थातच खुशालराव.

"वा रे गोवर्धना! मायचं नाव काढलं तू. अशी मोट अख्ख्या इलाख्यात कोनाजवळ नाई."

गोवर्धनाने मला प्रथमच पाहिले. माझ्याकडे अनोळखी नजरेने पाहणारा त्या घोळक्यात तो एकटाच होता. त्याने आईकडे पाहिले. पार्बताबाई बैलाच्या मानेवरची गोचीड शोधू लागली. माझ्या सोंडेतून दोन-तीन थेंब गळाले. मग त्याने तळहात माझ्या काठावर ठेवला आणि तो म्हणाला,

"म्हटलं, मायले तरास कायले पाहिजे."

देवीदास दोर हातात धरून उभा होता. त्याचा चेहरा मी तेव्हा पाहिला. तहानलेला माणूस भरल्या मोटेकडे पाहतो तसा तो त्या काळ्या कोटाकडे पाहत होता.

दुपारी मळ्यात मायलेक दोघेच होते. गोवर्धनाने कोट काढून घडी घालून खाटेवर ठेवला आणि तो अंघोळीस थारोळ्यात, म्हणजे मी पाणी ओतते त्या दगडी टाक्यात, उतरला.

"माय, हे मोट कोनं घेतली?"

"झेंडूनं."

"मंग सांगतलं काहून नाई लोकाईले?"

"तू काहून नाई सांगतलं?"

तो अंगावर पाणी घेत राहिला.

"कोट कोनाचा?" पार्बताबाईने विचारले.

"सोबत्याचा. नेऊन द्याचा हाय."

"काही उरत नाई काय रे तिकडं?"

"उरते, माय. मंग सरते." डोक्यावर पाणी ओतून घेत तो म्हणाला, "एका खोलीत पाच जन हावो आमी. खानावळ, भाडं, अन मानसात राह्याचं म्हटलं का पान-बिडी आलीच. पुढच्या मयन्यापासून धाडतो, सांगतो तुले."

ती उठून जवळ आली. पदराने त्याचे डोके पुसू लागली. तो सव्वीस वर्षांचा बाप्या लहान पोरासारखा डोके झुकवून उभा राहिला. तो लबाड होता काय? मला तसे वाटले नाही. ती लबाड होती काय? तसेही वाटले नाही. मग ही लबाडी कोठून आली आणि माझ्याच काठावर का येऊन बसली, हे मी त्या दिवसापासून स्वतःस विचारीत आले आहे.

गोवर्धन गेला आणि भादव्यात देवीदासाने सांगितले, "काकू, दसरा झाला का मी भुसावळले जातो."

तो हे बैल सोडताना बोलला. शकुन फुलांच्या टोपलीपाशी होती आणि मनकर्णा भाजीसाठी येऊन बसली होती. पार्बताबाईच्या हातची मेथीची जुडी खाली पडली. देवीदास गेल्यावर हे बैल कोणाच्या शब्दावर मागे सरणार? आणि बैल मागे सरले नाहीत तर मी खाली जाणार नाही, पाणी वर येणार नाही, आणि दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत मळा पंधरवड्यात वाळून जाईल. हे तिला कळत होते व मलाही कळत होते.

"कोनाच्या भरवशावर जातं रे?" तिने विचारले.

"हे काय, समोर लटकून राह्यली नं." त्याने माझ्याकडे बोट दाखविले.

तेव्हा पार्बताबाईने, तिघांच्या देखत, अगदी स्पष्ट शब्दांत सांगितले, "देवीदास, हे मोट गोवर्धनाच्या पैशाची नाई. पावनेदोन वर्स झाले, त्याचा एक पैसा आला नाई. मोट म्या घेतली, झेंडूच्या पैशानं."

मला वाटले, झाले. आता सर्वांस कळले. पत्र्याच्या अंगात जेवढा आनंद मावतो तेवढा माझ्या अंगात मावला.

मनकर्णा खदखदून हसली. "सांग, बाई, सांग! माही म्हैस दोन्ही टाइम बकेट भरत होती, तवा मीही अशीच सांगत होती, आटली म्हनून. दिष्ट लागाले वेळ लागते काय?"

"दिष्टीचं नाई वो, खरं सांगून राह्यली मी!"

"मंग हा बिबा काहून बांदला तुनं?"

"काकू," शकुन हळूच म्हणाली, "गोवर्धनभौनं सोताच्या तोंडानं सांगतलं नं. आमी सारे हजर होतो."

"त्यानं खोटं सांगतलं!"

हे वाक्य तोंडातून निघाले आणि पार्बताबाईस स्वतःचेच वाईट वाटले, असे मला दिसले. मुलाला चार माणसांत खोटे ठरवून तिने खरे सांगितले, त्यावर देवीदास खाली मान घालून म्हणाला, "भौले कायले बदनाम करता, काकू? मी जानार म्हनून तुमाले राग आला, ते समजते मले."

"राग नाई, गरज हाय तिले," मनकर्णा म्हणाली. "बैल हाकाले मानूस पाहिजे का नाई? तू गेला त पार्बता काय सोता हाकन?"

त्यावर पार्बताबाई खाली पडलेली जुडी उचलू लागली. तेही खरेच होते. सगळे गेल्यावर ती बैलांना चारा टाकीत त्यांच्याशी बोलत राहिली. "मी त्याच्यासाठी सांगून राह्यली का माह्यासाठी सांगून राह्यली? काही उमजून नाई राह्यलं, बाप्पा." बैल खात होते. एखादी गोष्ट खरी असून ती सांगणाऱ्याचा तीत मतलबही असेल, तर ती थोडी कमी खरी होते की काय, हा प्रश्न माझ्या आवाक्याबाहेरचा आहे.

पुढील महिना तिने पुष्कळ प्रयत्न केले. तिने बिबा तोडून फेकला, तर लोक म्हणाले, आता हिला दृष्टीचीही भीती राहिली नाही, एवढा पैसा झाला. तिने एक जुने लुगडे चार दिवस नेसले, तर लोक म्हणाले, सोंग पाहा. तिने खुशालरावांस मध्यस्थी करावयास सांगितले. त्यांनी सर्व ऐकून घेतले, मिशीवर हात फिरविला आणि ते म्हणाले, "पार्बताबाई, फुलं इकून कोनाच्या घरी लोखंड येते काय वो? देवाले वाह्याची वस्तू ते. त्यात काय पैसा असते?"

हे ऐकून मात्र पार्बताबाई ताठ झाली. तिला उपाय सुचला होता, आणि तो तिच्या आयुष्यात तिने कधीच केला नव्हता.

"देवीदास," तिने दुसऱ्या दिवशी त्यास सांगितले, "यंदाचा दसऱ्याचा झेंडू अकोल्याले तू घेऊन जाय. रुमालाखाली हात तूच घाल. पैसा तुह्या हातात पडू दे. मंग मले येऊन सांग, मोट कोनी घेतली."

देवीदास तिच्याकडे पाहतच राहिला. नत्थुजींनीही गड्यास कधी रुमालाखाली हात घालू दिला नव्हता. तो ओशाळून म्हणाला, "बरं, काकू."

नवमीच्या पहाटे फुलांनी लादलेली गाडी निघाली. खुशालराव सणाचे कापड घ्यावयास त्याच गाडीत बसले. त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. पार्बताबाईने बैलांची जोखडे, खुरपी, विळे धुतले आणि मला कुंकू लावले. बैल गाडीस जुंपून गेल्यामुळे मी दिवसभर रिकामी लटकत होते. मला तिच्याइतकीच खात्री वाटत होती. एकदा त्याने आपल्या बोटांनी भाव चाचपला की त्यास कळेल. कळले की तो परत येईल. परत आला की बैल त्याच्या शब्दावर डोळे मिटून मागे सरतील. यात न समजण्यासारखे काय होते?

दसऱ्याच्या दिवशी सकाळीच पार्बताबाई आणि शकुन मळ्याच्या फाटकाशी उभ्या राहिल्या. सूर्य माथ्यावर आला तेव्हा गाडी दिसली. ती वेडीवाकडी चालत होती. जवळ आल्यावर कळले की कासरे खुशालरावांच्या हातात होते. गाडीत टोपल्या रिकाम्या होत्या. देवीदास नव्हता.

"तुये बैल मानसाचं ऐकत नाई वो, पार्बताबाई," खुशालराव घामाघूम होऊन उतरले. "तीनदा वावरात घुसले. माह्यं नवं धोतर पाह्य!"

"देवीदास कुठं हाय?"

खुशालरावांनी कमरेची गाठ सोडली आणि एक फडके तिच्या हातावर ठेवले. ते जड होते.

"हे झेंडूचे. तिकिटापुरतं त्यानं यातून काढलं, ते त्याच्या दान्यात धरजो म्हने. म्या सोता उभा होतो. पन तो रुमाल मधात, मले काय दिसते?" ते क्षणभर थांबले. त्यांचा आवाज उतरला. "गठोडं हातात घेतलं तवा समजलं. फुलात एवढा पैसा असते हे मले मालूम नोतं, वो."

"त्याले पटलं काय?" पार्बताबाईने विचारले. "काय म्हने तो?"

"पटलं नं. म्हने, काकूले सांगजा, मोट झेंडूचीच हाय. गोवर्धनाची नाई. काकू खरं बोलत होती, मीच पागल."

"मंग?"

"मंग स्टेशनाकडे चालू लागला. म्या हात धरला. म्हटलं, अबे, पटलं नं तुले? मंग कायले जातं? तर म्हने..." खुशालराव आठवू लागले. त्यांना दुसऱ्याचे बोलणे जसेच्या तसे सांगण्याची सवय नव्हती. "म्हने, झेंडू मळ्याचा. मळा काकूचा. मोट काकूची, बैल काकूचे. माह्याजवळ हे दोन हात हायेत. अन हाताले भाव भुसावळलेच हाय."

पार्बताबाईच्या हातातले फडके तसेच राहिले. जे खरे सांगितल्याने तो थांबेल असे तिला वाटले होते, ते खरे पटल्यामुळेच तो गेला. गोवर्धनाच्या खोट्याने तो अर्धा निघाला होता. तिच्या खऱ्याने तो पुरता गेला. मी हे त्या दिवसापासून वरून खाली आणि खालून वर असे फिरवून पाहते आहे आणि मला यात चूक कोठे आहे ती सापडत नाही.

खुशालराव धोतर झटकीत निघून गेले. दोघी बायका विहिरीवर आल्या. बैल आपण होऊन उतारावर येऊन उभे राहिले. शकुन रडत नव्हती. ती टोपल्या एकीत एक ठेवीत होती.

पार्बताबाईने फडके थारोळ्याच्या कडेला ठेवले आणि ती म्हणाली, "शकुन, उद्यापासून बैल तू हाकजो. मी शिकवतो तुले. दान्यावर नाई. अर्धा झेंडू तुहा, अर्धा माहा."

शकुन उभी राहिली. तिने शेवटची टोपली हळूच खाली ठेवली.

"काकू," ती म्हणाली, "हे परवा म्हटलं असतं त?"

मला वाटते, पार्बताबाईला खरोखरच हे सुचले नव्हते. तिने एवढे उपाय केले, बिबा तोडला, जुने लुगडे नेसली, पोटचा मुलगा खोटा ठरविला, रुमालाखालचा घराण्याचा व्यवहार परक्या हाती दिला. पण ही एक गोष्ट तिच्या मनात आली नाही. तिने तोंडावर पदर घेतला आणि ती थारोळ्याच्या दगडावर खाली बसली.

त्यास आता काही वर्षे झाली. शकुन बैल हाकते. पहिल्या दिवशी बैल तिच्या शब्दावर मागे सरेनात, आता सरतात. झेंडूचे दोन वाटे होतात आणि अकोल्यास त्या दोघी मिळून जातात. देवीदासाच्या मनीऑर्डरी येतात. डाकवाला पारावर शकुनच्या नावाने हाक मारतो, नाणी वाजवितो, गाव ऐकते. शकुनने नवऱ्यास दोनदा कोणाकडून लिहवून कळविले की येथे आपला अर्धा मळा आहे, परत या. दोन्ही वेळा त्याने लिहविले, पुढच्या दसऱ्याला. गोवर्धनाने एकदा एक लुगडे पाठविले. पार्बताबाई ते नेसते आणि ते कोणी पाठविले हे कोणासही सांगत नाही.

मला पाहावयास येणाऱ्यांची संख्या मात्र उणी झालेली नाही. त्यांना मी दोष देत नाही. ते जातात त्या ठिकाणी पैसा आहे की नाही, तो येतो की नाही, हे मला येथे लटकून कसे कळावे? माझी एवढीच प्रार्थना आहे की त्यांनी माझ्याकडे पाहावे, पण मला विचारू नये. मला विचारायचे असेल तर विहीर किती खोल आहे आणि तीत पाणी किती आहे, एवढेच विचारावे. त्याचे उत्तर मला येते. बाकी मी जे येथे सांगितले, त्याचा अर्थ तुम्हांस लागला असल्यास तो शकुनला येऊन सांगावा. तिला तो माझ्यापेक्षा अधिक उपयोगी पडेल.

आता मला थांबले पाहिजे. शकुनने आवाज दिला आहे, बैल मागे सरू लागले आहेत आणि मी खाली चालले आहे.